इंजिनाचा मान

आमच्या घरात जावई येण्याआधी इंजिन आलं, आणि जावयाचा सगळा मान त्यानेच खाल्ला. बाबांनी शिडाची होडी काढून दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची लाँच घेतली तेव्हा मी शाळेत होते. इंजिन टेम्पोतून उतरलं, आणि आईने त्याला दारातच ओवाळलं. पुढे मी बोर्डात पहिली आले तेव्हा मला कुणी ओवाळलं नाही, हे मी आजही विसरलेले नाही.

तेव्हापासून दर नारळी पुनवेला, हंगामाची पहिली होडी पाण्यात लोटायच्या आधी, इंजिनाचा मान व्हायचा. हळदकुंकू, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, नारळ आणि शेवटी बाबा स्वतःच्या हाताने त्याला पाजायचे. हे पाजणं शिडाच्या दिवसांतलं. आजोबा पावसाळा संपत आला की होडीच्या लाकडाला मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल पाजत. लाकूड पीत राही आणि आजोबा हात फिरवत राहत. इंजिन आलं तसं तेही या पंगतीत बसलं. देवाच्या पायाशी ठेवलेली एक लहानशी बाटली बाबा उघडायचे, डोळे मिटायचे आणि इंजिनात ओतायचे. आम्ही हात जोडायचो. आपण तीर्थात काय घातलंय ते विचारतो का? तसंच ते. हळूहळू किनाऱ्यावर आमच्या रांगेत लागणाऱ्या बाकीच्या होड्यांनीही ही रीत उचलली.

शेजारच्या होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान, ज्यांना मी काका म्हणते, त्यांना हे बिलकूल पटायचं नाही. चिकट म्हणून त्यांची ख्याती दांडीपासून देवबागपर्यंत होती. ते म्हणायचे, ''इंजिनाक कसलो मान? ता काय तुझो जावय आसा?'' त्यावर बाबा म्हणायचे, ''जावय परवडलो. तो वर्षान एकदा येता. ह्या इंजान माका रोज घराक घेवन येता.'' काका नारळ फोडायचे, खोबरं खायचे आणि होडी लोटायचे. त्यांचं इंजिन खोकत खोकत निघायचं, आमचं गुणगुणत.

मी मेकॅनिकल इंजिनीअर झाले ती या गुणगुणण्यापायी, असं मी लोकांना सांगते. खरं कारण असं की वर्गात मुली नाहीत असं मला कुणीतरी सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. पुण्यात शिकले, तिथेच दोन-तीन वर्षं नोकरी केली. कोकण रेल्वे सुरू झाली होती आणि जाणं-येणं सोपं झालं होतं, तरी मला परत यायचं होतं. कुडाळच्या एमआयडीसीत डिझेल इंजिनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथे लागले. मालवणहून सकाळची एसटी, संध्याकाळी परत. मालक सज्जन माणूस. ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायचे, आणि रागावले की मालवणी. त्यामुळे त्यांना राग आला आहे की नाही, हे कळायला आम्हाला चेहरा पाहावा लागत नसे.

आम्ही टॅपेट बनवायचो. इंजिनातल्या कॅमवर, म्हणजे फिरणाऱ्या उंचवट्यावर, टेकून वर-खाली होणारा, छत्रीच्या आकाराचा पोलादी तुकडा. त्याच्या वरखालीवर झडपा उघडतात, मिटतात. दिसायला क्षुल्लक, पण सगळा भार त्याच्या तोंडावर. होड्यांच्या इंजिनात तो लवकर झिजतो, कारण होडी जाळं ओढत तासन्‌तास हळूहळू चालते, आणि हळू चालताना दोन पोलादांमध्ये तेलाचा थर नीट उभा राहत नाही. मग तोंडाला खड्डे पडतात, इंजिन टकटक करू लागतं, आणि ऐन बांगड्याच्या दिवसांत होडी किनाऱ्याला.

पुण्यात मी एक गोष्ट पाहून आले होते. हवा काढून घेतलेल्या भट्टीत पोलादावर कार्बनचा लेप चढवतात. कार्बन म्हणजे कोळसा तोच, पेन्सिलीतलं शिसं तेच, हिरा तोच. या लेपात त्याचा स्वभाव हिऱ्याकडे झुकलेला असतो. केसापेक्षा कितीतरी पातळ, काळा कुळकुळीत, कठीण, आणि वर पुन्हा बोट घसरावं असा गुळगुळीत. मी मालकांच्या मागे लागले. त्यांनी महिनाभर 'बघू' म्हटलं, नंतर एकदाचं, ''कर गो बाये, पण माझो जीव खाव नको,'' म्हटलं. टॅपेट पुण्याला जाऊन काळे होऊन आले. आईने एक हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, ''काजळ घातलंस काय तेका?'' तेव्हापासून त्याचं नाव काजळ. कारखान्यातसुद्धा तेच रूढ झालं. मालक पुण्याला फोन करून 'काजळाचा माल कधी देताय' असं विचारायचे.

माल झाला, पण कुणाच्या होडीत घालणार? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, वर माडाच्या झापांची शाकारणी असते, आणि इंजिनं उघडायची तीच वेळ. लोक माझा टॅपेट हातात घेत, तोंडभर कौतुक करत आणि परत देत. इंजिन म्हणजे घरातल्या सगळ्यांचं पोट, त्यावर कोण प्रयोग करू देईल? त्यांचं चुकत नव्हतं, पण मला राग यायचा.

तेव्हा बाबा बोलले. आमच्या रांगेतल्या होड्यांचे तांडेल एका संध्याकाळी जमले होते, हंगामाचं ठरवायला. बाबा माणसांत फार बोलत नसत. त्या दिवशी उठून उभे राहिले. ''ही वस्तू माझ्या चेडवाच्या हातची आसा. पयली माझ्या होडयेत जातली. तुमी माझ्या शब्दार घाला. वायट झाला तर माका विचारा, तेका नको.'' बस्स, एवढंच. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

आमच्या किनाऱ्यावर तांडेलाचा शब्द हे त्याचं भांडवल. कुठे जाळं टाकायचं, कधी वारा फिरेल, केव्हा परतायचं, हे त्याच्या शब्दावर चालतं. शब्द एकदा खोटा पडला की खलाशी पुढच्या हंगामाला दुसऱ्या होडीवर दिसतात. बाबांनी आयुष्यभर जपलेला तो शब्द माझ्या केसाएवढ्याही जाड नसलेल्या लेपावर ठेवला. मला भीती वाटली का? नाही. मला इतका अभिमान वाटला की भीतीला जागाच उरली नाही. रांगेतल्या बहुतेक होड्यांत काजळ गेलं. काकांनीसुद्धा घातलं, फुकटात मिळतंय म्हणून.

हंगाम झकास गेला. विशेषतः आमचं इंजिन. जेट्टीवर लोक थांबून ऐकायचे. मी रविवारी मुद्दाम जाऊन उभी राहायचे आणि कुणी काही म्हणतंय का पाहायचे. ''चेडवान इंजिनाक लोणी लावल्यान मरे,'' असं एकजण म्हणाला, ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं. काकांचं इंजिन मात्र पूर्वीसारखंच खोकत होतं. मी मनात म्हटलं, माझा टॅपेट तरी बिचारा कुठवर पुरा पडणार!

पावसात इंजिनं उघडली. पहिलं आमचं. मेकॅनिकने टॅपेट बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. कडेला काळी कड तेवढी उरली होती. मध्ये, जिथे कॅम घासतो तिथे, काजळ साफ गेलं होतं आणि उघडं पोलाद चकाकत होतं. दुसऱ्या होडीचं तसंच, तिसरीचं त्याहून थोडं कमी. काकांचा टॅपेट निघाला तेव्हा सगळे वाकून पाहू लागले. तो जसा घातला तसा होता. काळा कुळकुळीत, नवी नवरी.

पुढचे काही दिवस मी बाजारातून मान वर करून चालले, पण जोर लावावा लागत होता. ''काजळ रडान गेला,'' असं लोक म्हणायचे. मी एकवेळ ते सोसलं असतं, लोकांनी बाबांना काही विचारलं असतं तरीही. पण कुणी विचारत नव्हतं. बाबा येताना दिसले की बोलणं थांबायचं, हे त्याहून वाईट होतं. एका होडीचे दोन खलाशी दुसरीकडे जाणार अशी कुजबुज आली. ती होडी आमची होती.

मालक म्हणाले, ''आपण हा विषय थांबवूया. पुण्याचा लेपच कच्चा आहे.'' पुस्तकी मराठीत म्हणाले, म्हणजे रागाने नव्हे, खरंच विचार करून. मेकॅनिकने नवे साधे टॅपेट आणले होते आणि बाबांना विचारलं, घालू का. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ''माझा चेडू सांगीत तेवा घालतलंय.'' शाकारलेल्या होडीत इंजिन तसंच उघडं ठेवून ते घरी आले.

लेप कच्चा असता तर काकांचा का टिकला? हा प्रश्न माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. एकाच भट्टीतून, एकाच दिवशी आलेले टॅपेट. काका असं काय करतात जे बाकीचे करत नाहीत? काका तर कुणासाठीच काही करत नाहीत!

मी मालकांकडे नारळी पुनवेपर्यंतची मुदत मागितली. कारखान्याच्या कोपऱ्यात एक जुना रगडा पडला होता, इडलीचं पीठ वाटायचा. त्याची मोटर काढली. तिच्यावर पोलादाची एक चकती बसवली, कॅम म्हणून. चकतीवर वरून टॅपेट टेकवला, त्याच्यावर भार म्हणून जाळ्याची शिशाची वजनं टांगली. सगळं एका पातेल्यातल्या तेलात बुडवलं आणि खाली विजेची शेगडी, कारण इंजिनातलं तेल काही थंड नसतं. अशी यंत्रं परदेशातून येतात, काचेच्या कपाटात राहतात. माझं इडलीच्या रगड्यातून जन्मलं, आणि मला त्याचा जो गर्व होता तो मी लपवला नाही. कामगार दारातून डोकावून विचारायचे, ''मॅडम, काय तळतास? बांगडे?'' मी म्हणायचे, ''तुमका तळतंय.''

आधी ड्रममधलं कोरं तेल. चकती फिरत राहिली, टॅपेटला काही झालं नाही. मग काकांच्या इंजिनातून काढलेलं जुनं तेल, डांबरासारखं काळं. तरी काही नाही. म्हणजे तेलातली काजळी, धूर, खारी हवा, हे सगळे निर्दोष सुटले. मग आमच्या इंजिनातलं जुनं तेल. चहाची सुटी व्हायच्या आत टॅपेटच्या तोंडावर चकाकता ठिपका उमटला, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत तो पसरला. चोर आमच्याच तेलात होता.

घरी येऊन मी बाबांना विचारलं, तेल कुठलं वापरता? बाबा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाळं विणत बसले होते. ''सोसायटीच्या ड्रमातला. सगळ्यांचा एकच.'' मी परत विचारलं, दुसरं काही? ''दुसरा कशाक घालू?'' त्यांना प्रश्नाचा थोडा अपमान वाटला. मी काकांना विचारलं. त्यांचंही तेच, सोसायटीचा ड्रम. बाकीच्या तांडेलांना विचारलं. सगळे एकाच ड्रमाची शपथ घेत होते, आणि त्यातला एकही खोटं बोलत नव्हता. मी दोन दिवस सगळ्यांवर चिडचिड केली. आई म्हणाली, ''तुज्या तेलाचा काय ता बघ, माज्या आमटेत कशाक पडतंस?''

पुनव जवळ आली तशी आई देवघर आवरायला लागली. तांब्या, पळी, निरांजन घासून तिने उन्हात मांडलं आणि त्यांच्याबरोबर ती बाटली ठेवली. नवी कोरी, गोव्याच्या दुकानातली. मी तिच्याकडे किती वर्षं पाहत आले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. तेलात घालायचं औषध. आत मॉलिब्डेनम नावाचा धातू.

''आये, ह्या तेल बाबा इंजिनात घालतत?''

आई मला वेड्यात काढल्यासारखी हसली. ''ह्या तेल न्हय गो. ह्यो मान.''

मी खळ्यातच खाली बसले. सगळ्या रांगेने मला खरं तेच सांगितलं होतं. मी तेल विचारलं, त्यांनी तेल सांगितलं. मान कुणी तेलात मोजतं का? आणि मी त्यांच्यातलीच, हात जोडून त्या पाजण्यासमोर वाढलेली, मलाही तो मोजावासा वाटला नव्हता. ज्याने इंजिनाला जितका जीव लावला, त्याने बाटली तितकी सढळ ओतली. बाबांचा जीव सगळ्यांत मोठा, म्हणून आमचं काजळ सगळ्यांत आधी गेलं. आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणाला थेंबभर जास्त दिलं नाही, त्याचं टिकलं.

दुसऱ्या दिवशी पातेल्यात कोरं तेल घेतलं, त्यात बाटलीतलं थोडं ओतलं आणि शेगडी लावली. आधी मोटरचा आवाज उतरला. चकती इतकी हलकी फिरू लागली की दारातले कामगारही ऐकायला आत आले. हेच ते गुणगुणणं, ज्याच्यासाठी जेट्टीवर लोक थांबत होते. आणि त्या गोड आवाजात काजळ पुसलं जात होतं. मी टॅपेट उचलून मालकांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ तो उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, ''आयशीचो घो!'' आणि मला कळलं की विषय थांबलेला नाही.

बाटली वाईट नव्हती, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. पोलादावर पोलाद घासत असेल तर मॉलिब्डेनमसारखा मित्र नाही. ते मधे निसरडी पानं अंथरतं. पण कार्बनचा लेप समोर आला की तेच मॉलिब्डेनम घर्षण कमी करता करता कार्बनच ओढून नेतं. नेमकं कसं, यावर शहाणी माणसं पुढेही वाद घालत होती. साध्या ड्रमातल्या तेलात कंपनीने आधीच जस्ताचं एक औषध घातलेलं असतं. ते आपलं मुकाट्याने सारवण करतं, पातळ थर धरतं, आणि काजळाशी त्याचं भांडण नाही. म्हणजे काजळ घातलेल्या इंजिनाला काही जास्तीचं द्यायचंच नव्हतं. 'अति तेथे माती' हे शाळेत मी सुवाच्य अक्षरात कितीदा तरी लिहिलं असेल.

हे बाबांना सांगायचं होतं. त्यांनी जाळ्याची सुई खाली ठेवली आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, ''म्हणजे तुजा काम मीयाच खाल्लंय? ह्या हातान?''

''तुमी न्हय बाबानू. बाटलीन.''

''बाटली काय आपल्या पायान चालत गेली?''

बाबा उठून समुद्राकडे गेले आणि जेवायला उशिरा आले. मला त्यांची अडचण कळत होती. नुसती बाटली बंद करणं सोपं होतं. पण हंगामाच्या तोंडावर मान मोडला, आणि उद्या कुणाचं जाळं फाटलं, कुणाला वाऱ्याने गाठलं, तर सगळी रांग म्हणणार, मान मोडला म्हणून. आधीच एक शब्द गेलेला. आता रीतही आमच्याच घराने मोडायची?

जेवताना बाबांनी मध्येच विचारलं, ''खंयच्या यंत्रात ती बाटली चालता?''

मी म्हटलं, जिथे लेप नाही, पोलादाशी पोलाद आहे, तिथे. जाळं ओढायच्या विंचमध्ये, त्याच्या दात्यांना.

''विंचाक बरी पडात?''

''बेस पडात.''

''मगे झाला.'' त्यांनी भात कालवला. ''मान मोडूचो नाय. मान हलवूचो. देवळात नाय हलवनत? एका घराण्यात वारस नाय उरलो, तर मान दुसऱ्या घराक जाता. देवाक इचारून जाता. आमी इचारूया.'' मी एवढी शिकलेली, रात्रंदिवस त्यावर विचार करणारी, पण हे मला सुचलं नसतं. बापाचीच मुलगी आहे मी, एवढंच म्हणते.

नारळी पुनवेला किनारा फुलला होता. रांगेतल्या होड्यांची झापं उतरलेली, नाळींना, म्हणजे होड्यांच्या टोकांना, वळेसर, बायका ठेवणीतल्या साड्यांत. आमच्या रांगेचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घालायचं साकडं, दरवर्षी बाबा घालायचे. आधीच्या आठवड्यात मी प्रत्येक तांडेलाच्या खळ्यात जाऊन पातेल्यातले टॅपेट दाखवून आले होते, कोऱ्या तेलातला आणि बाटलीच्या तेलातला. माना हलल्या होत्या, पण तोंडं उघडली नव्हती. ते सगळे त्या दिवशी नारळ हातात घेऊन उभे होते आणि बाबांकडे पाहत होते. बाबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, समुद्राकडे तोंड केलं आणि आवाज लावला.

''बा देवा म्हाराजा! आज पुनवेच्या दिवशी तुजी लेकरां तुज्या दर्यार उतारतत म्हाराजा!''

''व्हय म्हाराजा!'' सगळा किनारा.

''आजपतूर जो मान आमी इंजिनात ओतीत इलांव, तो आजपासून विंचाक देतंव म्हाराजा! मान तोच, ठिकाण दुसरा. चुकला-माकला पदरात घे म्हाराजा!''

मी तांडेलांच्या तोंडांकडे पाहिलं. गाऱ्हाण्याला लोकांनी होकार दिला नाही तर ते गाऱ्हाणं उरत नाही, एका माणसाचं बोलणं उरतं.

''व्हय म्हाराजा!'' पहिला आवाज काकांचा होता, आणि मागोमाग सगळ्यांचा.

''माज्या चेडवान इंजिनाक जा काजळ घातल्यान, ता तुज्या पायाकडे ठेयलंय म्हाराजा! तेचो शब्द तो माजो शब्द! तेका राखणार तू आसस म्हाराजा!''

''व्हय म्हाराजा!''

''आणि कोण शाणो चोरून इंजिनात बाटली ओतूक गेलो, तर तेचो हात थंयच आडव म्हाराजा!''

हसण्याच्या लाटेतच ''व्हय म्हाराजा!'' आलं, नेहमीपेक्षा मोठं. मी हसत नव्हते. भर किनाऱ्यावर, सगळ्या गावासमोर, दर्याला साक्ष ठेवून माझं काम गाऱ्हाण्यात घातलं गेलं होतं. आमच्या गाऱ्हाण्यात पाऊस येतो, मासळी येते, गुरं-लेकरं येतात. एखाद्या मुलीने केलेलं काम कधी आलेलं मी ऐकलं नव्हतं. बाईने स्वतःविषयी अभिमान वाटला म्हणू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ही रीत मी हलवत नाही, सरळ मोडते. मला फार अभिमान वाटला.

काजळाचे नवे टॅपेट सगळ्या रांगेत गेले. बाबांनी बाटली विंचमध्ये ओतली, डोळे मिटून, पूर्वीसारखीच. जाणार जाणार म्हणून कुजबुज झालेले आमचे ते दोन्ही खलाशी होडीवर चढले. काका मला म्हणाले, ''माका आधीच म्हायत होता.'' त्यांना काडीचं माहीत नव्हतं. मला त्यांचा जास्त राग याचा आला की त्यांचं वागणं बरोबर निघालं आणि कारण मात्र शेवटपर्यंत चिकटपणाचंच होतं.

त्या हंगामात आमचं इंजिन गुणगुणलं नाही. ते साधं चाललं, थोड्या खरबरीत आवाजात. रविवारी जेट्टीवर कुणी थांबून ऐकलं नाही. मला आधी चुटपुट लागली, मग त्या आवाजाचीही सवय झाली. विंच मात्र असा फिरायचा की बाबांनी त्याच्यावरही वळेसर घालायला सुरुवात केली.

पाऊस लागला, होड्या वर आल्या, झापं चढली. उघडायचं ठरलं तेव्हा बाबांनी सांगितलं, आमचं पहिलं. मागच्या साली पहिलं आमचं होतं, तेव्हा याही साली. रांगेतले सगळे तांडेल शाकारणीच्या आत दाटीवाटीने उभे होते, काका सगळ्यांत पुढे. मेकॅनिकने टॅपेट काढला आणि या वेळी मला न देता बाबांना दिला. बाबांनी तो आपल्या लुंगीला पुसला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. अंगठा तोंडावर घासला, जोर लावून घासला. काजळ होतं तिथेच होतं, कडेपासून कडेपर्यंत.

बाबांनी टॅपेट काकांच्या हातात दिला, बोट इंजिनाच्या कडेला साचलेल्या काळ्या तेलात बुडवलं, माझ्याजवळ आले आणि लहान पोरीला लावतात तशी माझ्या कानामागे तीट लावली.

''दिष्ट लागात गो,'' म्हणाले.

ती तेलातली काजळी होती. टॅपेटवरचं काजळ बोटाला लागणारं नव्हतं, ते मी बनवून घेतलेलं होतं. संध्याकाळी आईने साबण पुढे केला, पण मी दुसऱ्या दिवशी ती तीट तशीच घेऊन एसटीत बसले आणि कुडाळला कामावर गेले.